थंडपेटीची पाटी

कौंडण्यपूरच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर, वर्धेच्या पात्रात, १९५९ सालच्या पावसाळ्यापासून एक सरकारी तारू उभं होतं. दोन डोंगे शेजारी शेजारी बांधलेले, त्यांवर सागाच्या फळ्या ठोकलेल्या आणि फळ्यांवर टिनाची खोली. नदीतून रोज किती पाणी वाहून जातं ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. पुढेमागे इथे कुठेतरी धरण व्हायचं होतं म्हणे. तिथले इंजिनियर सबनीस साहेब त्याला लाँच म्हणत. बाकी सगळे डोंगा म्हणत. तो कुठे जात नव्हता, येत नव्हता. दोन जाड दोरांनी काठाला बांधलेला होता, खुंट्याच्या म्हशीसारखा.

या डोंग्यावर एक रेफ्रिजरेटर होता.

लढाईतला, घासलेटवर चालणारा, कमरेएवढ्या उंचीचा. साहेबांनी अकोल्याच्या एका लिलावात तो उचलला, अमरावतीपर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलगाडीत गवताच्या गादीवर निजवून नव्हे, उभा धरून आणला. अमरावती ते कौंडण्यपूर दोन माणसं त्याला नवरीसारखी सांभाळत बसली होती. आत तीन कप्पे, बाहेर एक जाड दार, खाली मागे एक ज्योत. आग लावली की आत थंडी होते, हे साहेबांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब गेल्यावर स्वयंपाकी पुंजाराम म्हणाला, "आग लावल्यानं थंडी होते, असं माह्या सासूच्या बाबतीत तं कधी झालं नाई."

पुंजारामने त्याचं नाव थंडपेटी ठेवलं आणि तेच रूढ झालं.

थंडपेटीचे दोन नियम होते. पहिला, ती एका पातळीत हवी. जरा कलली की थंडी बंद. म्हणून साहेबांनी तिच्या डोक्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली होती, आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध राहावा अशा बेताने माणसांनी डोंग्यावर बसायचं. ओव्हरसियर खुशालराव पातूरकडचे, काळ्या जमिनीचे धनी, देह भरभक्कम. ते तंबाखू थुंकायला डावीकडे गेले की धर्मपाल आणि पुंजाराम या दोघांनी उजवीकडे पळायचं. खुशालराव दिवसातून पंधरा वेळा थुंकत.

दुसरा नियम दाराचा. दार एकदा उघडलं की अर्ध्या तासाची थंडी वाया जाते, असं साहेबांचं गणित होतं. आत काय आहे हे पाहण्यासाठी दार उघडणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. म्हणून त्यांनी दाराला एक शाळेतली दगडी पाटी टांगली. आत काय आहे, कुणाचं आहे, कुठल्या कप्प्यात आहे, कधी ठेवलं आहे, ते सगळं पाटीवर. आधी पाटी वाचायची, मनाशी ठरवायचं, मग दार उघडून नेमका हात घालायचा. तेही एकाच माणसाने. तो माणूस पुंजाराम.

पाटी लिहायचं काम धर्मपालचं.

धर्मपाल डोंग्यावरचा कारकून. वय सव्वीस, अंगाने काडी, डोळ्यांना चष्मा, तोंडाला कुलूप. पाण्याची पातळी तासातासाला टिपायची आणि उरलेल्या वेळात पुस्तक वाचायचं, एवढं सोडून जगात तिसरी गोष्ट आपल्याला जमणार नाही अशी त्याची पक्की खात्री होती. पण अक्षर असं की मामलेदाराने फ्रेम करून लावावं. पुंजाराम आत डबा ठेवी, दार लावी आणि सांगे, धर्मपाल लिही. 'वरचा कप्पा, उजवीकडे, लोणी, साहेब, गुरुवार.' 'मधला कप्पा, राजगिऱ्याचे लाडू, खुशालराव, उपवासाचे, शनिवार.' साहेब पाहुण्यांना आधी पाटी दाखवत, मग नदी.

या पाटीकाराने थंडपेटीच्या आत कधी पाहिलं नव्हतं.

तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तसं लिहिता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कायदा झाला होता. पहिल्या आठवड्यात धर्मपालने एकदा दाराला हात घातला तेव्हा खुशालराव अगदी मायेने म्हणाले होते, "राहू दे बापा, थंडी जाते." पुंजारामने उघडलं की थंडी थोडी जाई. साहेबांनी उघडलं की त्याहून थोडी. धर्मपालच्या हाताने मात्र ती फार जाते, असं काहीतरी शास्त्र त्या डोंग्यावर आपोआप सिद्ध झालं होतं. पाणीही पुंजारामच द्यायचा, आणि धर्मपालचा पेला निळा होता, म्हणजे घोटाळा नको. तीन वर्षांपूर्वी नागपूरला धर्मपालने आईबरोबर दीक्षा घेतली, नाव बदललं, घरातले देव नदीत सोडले. या सगळ्याची त्याला मनातून फार शान होती. पण शान वेगळी आणि दार वेगळं. खुशालराव वाईट नव्हते. बायकोला पत्र लिहायचं तर ते धर्मपालकडूनच लिहून घेत, आणि त्यातली लाजण्यासारखी वाक्यं सांगताना नदीकडे तोंड करत. अशा माणसाशी दारावरून काय भांडायचं, असं धर्मपाल स्वतःला सांगे. शिवाय खरंच थंडी जात असेल तर?

दसऱ्याला साहेब मुंबईला गेले. धर्मपाल नागपूरला गेला. दीक्षेच्या दिवशी तिथे जाणं तो चुकवत नसे. तिसऱ्या दिवशी परत आला तर डोंग्यावर सगळं जागच्या जागी. पुंजाराम जरा जास्तच हसत होता, एवढंच.

त्यानंतर जेवणाला चव आली.

आधी थंडपेटीतलं अन्न गरम करून खाताना साहेब मन लावून जेवत, पण चेहरा औषध घेतल्यासारखा. त्यांचा हट्टच होता की रोज रोज स्वयंपाक करायचा नाही. सोमवारी करायचं, गुरुवारपर्यंत काढून खायचं. हीच आधुनिक राहणी. आता ते बोटं चाटू लागले. "बघा खुशालराव," ते म्हणत, "तीन दिवसांचं भरीत. वाटतंय का? आत्ता चुलीवरून काढल्यासारखं आहे."

"नाई वाटत साहेब," खुशालराव म्हणत आणि भाकरीत तोंड घालत.

मुंबईच्या एका मित्राला साहेबांनी थंडपेटीवर चार पानी पत्र लिहिलं. त्याची साफ प्रत धर्मपालनेच केली.

धर्मपालला मात्र अधूनमधून काहीतरी खटके. एका बुधवारी सकाळी तो पातळी टिपायला उठला तेव्हा काठावर धूर दिसला. पुंजाराम निखाऱ्यावर वांगी फिरवत होता. तासाभराने तोच पुंजाराम थंडपेटीपाशी उभा राहून म्हणाला, "लिव बाबू. भरीत, मधला कप्पा, सोमवार."

"आज बुधवार आहे पुंजारामभाऊ."

"मी कुठं नाई म्हनतो? खायचं बुधवारी, केलं सोमवारी. तू सोमवार लिव."

"मंग सकाळी वांगे भाजून राह्यला होता ते?"

"ते माह्ये वांगे."

धर्मपालने सोमवार लिहिला. माणूस आपल्यासाठी वांगी भाजू शकतो. रोज भाजू शकतो. आपण कोण विचारणारे? आणि समजा विचारलं आणि आपलंच चुकलं, तर सगळे हसतील. समजा आपलं बरोबर निघालं, तर त्याहून वाईट. मग पुढे काहीतरी करावं लागेल. असा दोन्ही बाजूंनी विचार करून तो पुस्तक उघडी. पाटी तो इतकी सुंदर लिही की लिहिताना शंका येत नसे. शंका नंतर येई, खडू ठेवल्यावर.

कार्तिकातल्या जत्रेच्या आठ दिवस आधी मोर्शीहून धर्मपालच्या मैनामावशीचं कार्ड आलं. मावशीला लिहिता येत नव्हतं. शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेलं, पण आवाज तिचाच होता.

'देवराव गुरुजी जत्रेच्या दिवशी पोरीले घेऊन तुह्या डोंग्यावर येऊन राह्यले. पोरगी ललिता. तू तिले अमरावतीच्या वाचनालयात पाह्यली आहे म्हनतो. दोन ठिकाणी तुले मुका म्हनून नकार आला. तिसरा आला तं मी पुन्हा कोनाच्या दारात जानार नाई. गुरुजी पाहतीन, पन हो म्हनन पोरगी. तोंड उघडजो.'

ललिताला त्याने खरोखर पाहिलं होतं. ती शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होती. वाचनालयात दोघांचा हात एकाच वर्तमानपत्राला लागला. "तुमी वाचा," असं तो म्हणाला होता, आणि ती म्हणाली होती, "अर्धं अर्धं वाचू." त्यावर काय बोलावं हे त्याला सुचलं तेव्हा तो अकोल्याच्या गाडीत होता. गेलं वर्षभर तो रोज ते उत्तर मनात सुधारत होता. ही मुलगी नाही म्हणाली तर आपण दुसरी पाहायची नाही, हे त्याने ठरवून टाकलं होतं. आयुष्यात स्वतः ठरवलेली ही त्याची पहिलीच गोष्ट असावी.

साहेबांना कळलं तेव्हा ते त्याच्याहून जास्त हरखले. "जेवायलाच बोलाव त्यांना. आपण त्यांना थंडपेटीतलं जेवण देऊ. पाटी तुझी. सासऱ्याला कळू दे, जावई कसलं शास्त्रशुद्ध काम करतो ते."

पुंजाराम हे ऐकून खोकला. खुशालराव थुंकायला डावीकडे गेले. धर्मपाल सवयीने उजवीकडे पळाला.

जत्रेच्या दिवशी घाटावर माणसांचा पूर लोटला होता. देवराव गुरुजी त्या गर्दीतून छत्री पुढे करून आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, नाकावर गांभीर्य. मागे ललिता, हातात नवी लोखंडी कढई. गुरुजींनी देवळाकडे मान वळवली नाही, पण कढई जत्रेतलीच घेतली होती.

"देव नाई घेतले आमी," फळीवरून डोंग्यावर चढताना ते धर्मपालला म्हणाले, "पन कढया इथल्या चांगल्या असतात."

"हो," धर्मपाल म्हणाला. पहिला शब्द झाला. त्याला हायसं वाटलं.

साहेबांनी पाहुण्यांना पाणसळीचा बुडबुडा सांभाळत बसवलं. एका बाजूला खुशालराव, दुसऱ्या बाजूला गुरुजी, ललिता, कढई आणि धर्मपाल. तरी डोंगा खुशालरावांकडेच झुकला. साहेब स्वतः उठून गुरुजींच्या मागे बसले. मग त्यांनी थंडपेटीचं व्याख्यान दिलं आणि शेवटी पाटीकडे बोट केलं.

ललिता उठून पाटीपाशी गेली. डोंगा हलला. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं.

"अक्षर तुमचं हाय?"

"हो." दुसरा शब्द झाला; पण तो पहिलाच होता.

"भरीत, मधला कप्पा, मंगळवार," तिने वाचलं. "आज शुक्रवार. चार दिवसांचं भरीत वाढता पाव्हण्याले?"

"खाऊन तर बघा," साहेब विजयाने म्हणाले. "पुंजाराम, वाढ."

पुंजाराम थंडपेटीपुढे असा उभा राहिला की दार दिसू नये, खाडखूड केली आणि थाळ्या घेऊन वळला. भरीत, भाकरी, हिरव्या मिरच्यांचा ठेचा, वर दही. ललिताने भरताचा घास घेतला. हळूहळू चावला. मग बोटावर थोडं घेऊन वास घेतला.

"हे आजचं हाय," ती म्हणाली.

साहेब मोठ्याने हसले. "तीच तर गंमत आहे बाई."

"गंमत नाई साहेब. शिळ्या भरताले पानी सुटते. कांदा मऊ पडते. हा कांदा पाहा, दाताखाली वाजून राह्यला. अन् धुराचा वास तं असा हाय का वांगं आता निखाऱ्यावरून उतरलं."

"थंडीने टिकतं ते सगळं," साहेब म्हणाले. "आणि पुरावा आहे ना. पाटी. मंगळवार लिहिलंय. यांनी लिहिलंय." त्यांनी धर्मपालच्या खांद्यावर हात ठेवला.

गुरुजींनी भाकरी खाली ठेवली. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस. पुराव्याचं नाव निघालं की त्यांना राहवत नसे. "धर्मपाल, हे तुमी पाहून लिवलं?"

डोंग्याखाली नदी चुळबुळत होती. पुंजाराम ओलं फडकं पिळत होता. त्यात पाणी राहिलं नव्हतं, तरी पिळत होता.

धर्मपालला इतकंच सुचत होतं की 'हो' हा शब्द आज आपल्याला दोनदा छान जमला आहे. तिसऱ्यांदाही जमेल. साहेबांची मान राहील, पुंजारामची नोकरी राहील, जेवण सुखाने पार पडेल. ललिता पुन्हा कढईकडे पाहू लागेल. फक्त ती आता कढईकडे पाहत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती. मघाशी कांद्याकडे पाहत होती तशी.

"नाई," तो म्हणाला.

"मंग?"

"पुंजारामभाऊ सांगते. मी लिवतो."

"उघडून पाह्यलं नाई कधी?"

"नाई."

"काहून?"

खुशालराव मध्ये पडले. "गुरुजी, तसं काही नाई. घडीघडी उघडलं का थंडी जाते, म्हनून एकच मानूस—"

धर्मपाल उठला. असं उठायचं त्याने ठरवलं नव्हतं. पाय उठले, तो त्यांच्याबरोबर गेला. डोंगा कलला, पाणसळीचा बुडबुडा एका टोकाला पळाला. पाटी एका हाताने बाजूला धरून त्याने थंडपेटीचं दार उघडलं.

वरच्या कप्प्यात पुंजारामचं धुतलेलं धोतर होतं, घडी घातलेलं. त्यावर काडेपेट्यांचा पुडा, विडीचं बंडल आणि मिठाची बरणी. मधल्या कप्प्यात उडदाचे पापड, पाऊण हात उंचीची चळत. त्यांच्या शेजारी खुशालरावांचे राजगिऱ्याचे लाडू, खरोखरच राजगिऱ्याचे. खालच्या कप्प्यात कांदे आणि चार सुक्या गवऱ्या. भरताच्या नावाने तिथे काही नव्हतं; भरताचं पातेलं पेटीच्या आडोशाला फडक्याखाली झाकलेलं होतं. लोणी नव्हतं, दही नव्हतं. साहेबांनी आत हात घातला आणि चुकून बाळंतिणीच्या खोलीत शिरलेल्या माणसासारखा झटकन बाहेर काढला. आत चांगली ऊब होती. मागे वाकून पाहिलं तर ज्योतीच्या जागी पुंजारामने घासलेटची चिमणी पेटवून ठेवली होती, उजेड दिसावा म्हणून.

"पुंजाराम," साहेब म्हणाले. आवाज फार बारीक निघाला.

पुंजारामने खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी नदीकडे पाहिलं, बायकोचं पत्र सांगताना पाहत तसं.

"दसऱ्याले झालं साहेब," पुंजाराम म्हणाला. "त्या दिवशी आमी हत्याराची पूजा करतो. कुऱ्हाड, पावडं, पानी मोजाचं यंत्र, सगळ्याची केली. मंग खुशालरावजी म्हनले, थंडपेटी काहून सोडाची? सगळ्यात भारी हत्यार तं हेच हाय. पन तिचं तोंड दक्षिणेकडे. दक्षिणेकडे तोंड करून पूजा कशी घेईन ते? म्हनून तिले पूर्वेकडे कराले बाहेर काढली. उभी उचलली जाये ना, तं आडवी केली."

"आडवी," साहेब म्हणाले.

"पहिले आडवी, मंग जराशी उलटी. नारळ फोडला, हार घातला, परत ठेवली. तवापासून रुसली ते रुसलीच. आमी हातही जोडले."

"पुजाच तं केली," खुशालराव पुटपुटले. "काही वाईट तं नाई केलं."

साहेब डोंग्याच्या कडेवर बसले. मुंबईला गेलेली चार पानं त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून जात असावीत. "मग गेला महिनाभर मी काय खाल्लं?"

पुंजारामने मान खाली घातली. "माफी करा साहेब. ताजंच खाल्लं."

"रोज?"

"दोन वेळा. पहाटे उठून करत होतो. दही रोज गावातून आनत होतो. तुमाले शिळं लागते, अन् थंडपेटी तं बंद. काय करू मंग?"

ललिताने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. गुरुजींना मात्र हसू आलं नाही. ते अजून धर्मपालकडेच पाहत होते, आणि धर्मपालला कळलं की आपला तास अजून संपलेला नाही.

"तुमाले माहीत होतं का हे?" गुरुजींनी विचारलं.

इथे नाही म्हणता आलं असतं, आणि ते जवळजवळ खरंही होतं.

"दसऱ्याची गोष्ट माहीत नव्हती. पन शंका होती. बुधवारी वांगे भाजताना पाह्यलं, सोमवार लिवला. एकदा नाई, लय खेपा. पाह्याचं मनात आलं, पाह्यलं नाई." तो थांबला. एवढं सलग तो गेल्या वर्षभरात बोलला नव्हता. तोंड उघडलंच आहे तर, असं वाटून तो पुढे म्हणाला, "माह्या हातानं दार उघडलेलं इथं चालत नव्हतं. तसं कोनी म्हनलं नाई. मीही इचारलं नाई."

"कोन म्हनलं चालत नाई?" खुशालराव दुखावून म्हणाले. "थंडीचा प्रश्न होता."

"आता तं थंडीच नाई," ललिता म्हणाली. "महिन्यापासून नाई. मंग कशाचा प्रश्न होता?"

खुशालरावांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, त्यावर ठेच्याचा तसाच मोठा गोळा घेतला आणि सगळं एकदम तोंडात टाकलं. पुंजारामचा ठेचा मोर्शीपर्यंत नावाजलेला होता. पुढच्या क्षणी खुशालरावांना उचकी लागली. साधीसुधी नव्हे, एकेका उचकीला सगळा डोंगा दबे आणि वर येई.

"पुंजा—" ते म्हणाले आणि पुन्हा उचकले.

पण साहेबांनी पुंजारामला थंडपेटीमागे नेलं होतं आणि किती उलटी, कुठल्या अंगावर उलटी, किती वेळ उलटी, अशी चौकशी चालवली होती.

"खरं पानी कुठं ठेवता तुमी?" ललिताने थंडपेटीच्या दिशेने विचारलं.

"काठावर, रेतीत," मागून पुंजारामचा आवाज आला. "माठ पुरला हाय. वर ओलं पोतं."

पुंजाराम येणार नव्हता. पाहुणे उठून पाणी घेणार नव्हते. धर्मपालने फळीवर पाय ठेवला. काठावर ओलं पोतं दिसलं. ते त्याने उचललं, माठावरचं झाकण काढलं आणि तांब्या आत बुडवला. मनगटापर्यंत हात गार झाला. पावसाळ्यापासून हे पाणी तो पीत होता, निळ्या पेल्यातून, वरून ओतलेलं. तांब्या बाहेर काढताना अर्धं पाणी रेतीत सांडलं. त्याने पुन्हा भरला.

परत येऊन त्याने आधी गुरुजींना पाणी दिलं, मग ललिताला. मग उरलेला पेला भरून खुशालरावांपुढे धरला. पेले तिथे तीन होते. हा कुठला होता ते त्याने पाहिलं नाही.

खुशालरावांनी पेल्याकडे पाहिलं, धर्मपालकडे पाहिलं, थंडपेटीकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पुंजाराम," ते कसेबसे म्हणाले.

"पुंजारामभाऊ साहेबांशी बोलून राह्यला," धर्मपाल म्हणाला. "घ्या खुशालरावजी. नाई तं थांबा तो येईपर्यंत."

त्यात राग नव्हता, उपरोधही नव्हता. दोन रस्ते होते, ते त्याने सांगितले.

खुशालरावांनी आणखी दोन उचक्या वाट पाहिली. तिसरीला डोळे मिटले, पेला घेतला आणि घटाघटा रिकामा केला. उचकी थांबली. ते बराच वेळ पेला हातात धरून बसले, पोटात काही फरक पडतो का याची वाट पाहत असावेत.

"गार हाय," शेवटी ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. मग पेला पुढे केला. "अजून दे."

जेवण पुरं झालं. गुरुजींनी हात धुतले, टोपी नीट केली आणि साहेबांना नमस्कार केला. साहेबांनी तो घेतला, पण त्यांचं लक्ष नव्हतं; ते खाली वाकून थंडपेटीच्या पोटाला कान लावून बसले होते. गुरुजी फळीवर थांबले.

"धर्मपाल," ते म्हणाले, "तुमी महिनाभर खोटं लिवलं. असं सुंदर खोटं मी पाह्यलं नाई. माह्या वर्गात असते तं छडी खाल्ली असती."

"हो गुरुजी."

"अन् आज इचारल्यावर खरं बोलले, नोकरीच्या साहेबासमोर. आता याचे गुन किती अन् त्याचे किती, हे मले काही लागत नाई. माही मती गुंग झाली." ते लेकीकडे वळले. "तूच सांग बाई."

ललिता कढई कडेवर घेऊन पुढे गेली होती. ती रेतीतून चालता चालता म्हणाली, "रविवारी घरी येऊ द्या त्यायले." आणि थांबली नाही.

दोघं जत्रेच्या गर्दीकडे निघाले. धर्मपाल डोंग्यावर उभा राहिला. रविवारी. म्हणजे हो? की घरी बोलावून नाही म्हणायची पद्धत असते? आणि कुठला रविवार? परवाचा, की जत्रा आटोपल्यावरचा? परवा गेलो आणि त्यांनी पुढचा म्हटला असेल तर दारात उभं राहून काय सांगायचं? पुढच्याला गेलो आणि त्या परवा वाट पाहून बसल्या असतील तर? त्याने दोन्ही बाजूंनी विचार करायला सुरुवात केली. पुस्तक जवळच होतं. मैनामावशीला पत्र टाकून विचारता आलं असतं. उत्तर यायला आठ दिवस लागले असते.

फुग्यांच्या दुकानापर्यंत ती दोघं पोचली होती. आणखी थोड्या वेळात गर्दीत दिसेनाशी होणार होती.

धर्मपालने चष्मा काढून खिशात घातला आणि फळीवरून उडी मारली. मागे डोंगा कलला, साहेब काहीतरी ओरडले. तो रेतीतून धावत होता. वहाण एका ठिकाणी रुतून राहिली, ती त्याने तशीच सोडली. फुगेवाल्यापाशी पोचला तेव्हा त्याला दम लागला होता, आणि चष्मा नसल्यामुळे समोर ललिता आहे की दुसरंच कुणी, याचीही खात्री नव्हती. कढईवरून त्याने ओळखलं.

"कोनता रविवार?" त्याने विचारलं.

ललिताने त्याच्या एका वहाणेकडे पाहिलं.

"परवाचा," ती म्हणाली. "अन् जेवून येऊ नका."